दाजींच्या कॅसेटची शेपटी

माझ्या हातून झालेल्या गाढवपणाची यादी मोठी आहे. पण हा एक मी चक्क शाबासकी मिळेल या आशेने केला, त्यामुळे सांगताना अजूनही कान गरम होतात.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. विट्यात स्टँडजवळ माझी व्हिडिओ लायब्ररी होती. टेप चुरगळली की तेवढा तुकडा कात्रीने कापायचा आणि टोकं चिकटपट्टीने जोडायची, यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. निदान मला तसं वाटायचं.

माझे दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, दिल्लीत सोनं गाळायचं दुकान चालवायचे. मे महिन्यात सगळे गावी आले. दाजींनी येताना एक इंग्रजी कॅसेट आणली, कॉम्प्युटरवर काढलेल्या चित्रांचा सिनेमा. भाची पिंकीने तो दिल्लीत थेटरात बघितला होता. वाढदिवसाला गल्लीतल्या सगळ्या पोरांना तो दाखवायचा तिने शब्द दिला होता.

"एकदा लावून बघ रं, नीट चालती का," म्हणून दाजींनी कॅसेट माझ्याकडे दिली.

मी बघितला. झकास! पण शेवटी नावं सुरू झाली आणि मधेच बेडूक बोलता बोलता अडकला, बगळ्याला हसू फुटलं, कासवाच्या अंगावर रंगवलेला डोंगर पडला. मी कपाळाला हात लावला. एवढा मोठा सिनेमा काढला आणि चुका झालेला भाग कापायलाच विसरले? चार लोकांत दाजींची शोभा नको, म्हणून मी कात्री घेतली. किती काळजी बघा मला.

वाढदिवसाला सिनेमा संपला. पिंकी म्हणाली, "कुणी उठू नका, खरी गंमत आता येणार."

टीव्हीवर नुसत्या मुंग्या आल्या. पोरं तिला थापाडी म्हणायला लागली. पिंकी रडवेली झाली. "मामा, चुका कुठं गेल्या?"

"आगं, त्या थेटरापुरत्याच असत्यात," मी म्हणालो. "घरच्या कॅसेटीतनं काढून टाकत्यात." इतक्या ठामपणे बोललो की मलाच पटलं.

दाजींनी चष्मा लावून खोका वाचला. "हितं तर लिवलंय, थेटरातल्या चुका हायतच, वर कॅसेटीत नव्या दिल्यात. दुकानदारानं फसीवलं आपल्याला. थांब, आत्ताच दिल्लीला फोन लावतो त्याला."

दाजी एसटीडी बूथवर जायला चपला घालायला लागले, पिंकी हुंदके द्यायला लागली. आता काय करणार? मी खिशातून टेपची गुंडाळी काढली. शाबासकी घेताना दाखवायला म्हणून जपून ठेवली होती.

दाजींनी गुंडाळी हातात घेतली. म्हणाले, "गड्या, चित्रातला बेडूक आपल्या मनानं चुकंल व्हय? त्या चुका बी कुणीतरी मान मोडून काढल्यात."

मी तिथेच मांडी घालून टेप जोडली. माझ्या जोडावर चित्र थरथरलं, बेडूक आडवा झाला आणि डोकं नसलेला परत उभा राहिला. पुढे थेटरातल्या चुका आल्या, नव्या आल्या. पोरं हसून लोळली आणि पिंकीचा शब्द राहिला. मला फार बरं वाटलं.

"कुठली चूक आवडली गं?" दाजींनी तिला विचारलं.

"पहिली," ती म्हणाली. "थेटरात नव्हती ती. मामाची."