मागच्या गल्लीचा ठसा

शहनाझभाभींइतकी हट्टी बाई मी दुबईच्या अख्ख्या करामा भागात पाहिली नाही. माहेर-सासर दोन्ही रत्नागिरीकडचं, नवरा लियाकतभाई पोर्टवर नोकरीला, आणि या स्वतः चित्रकार. त्यांच्या आणि आमच्या इमारतीच्या मध्ये फक्त मागची गल्ली. त्यांची स्वयंपाकघराची खिडकी माझ्या बाल्कनीसमोर, त्यामुळे आमची भांडणं त्यांना पाठ आणि त्यांचा मेनू मला.

चित्रांच्या बाबतीत त्यांचा नियम एकच: समोर असेल तेच काढायचं. बांगडे आणले की आधी ताटात मांडून त्यांचं चित्र, मग मीठ-मसाला. "अगं, बांगडा आहे तो, पाहुणा नव्हे!" लियाकतभाई भुकेने कळवळायचे. उंट आणि वाळवंट काढा, टुरिस्ट हातोहात घेतील, असं कोणी सुचवलं की भाभी म्हणायच्या, "डेझर्ट मी गाडीच्या काचेतून बघितलंय. ज्याच्याशी ओळख नाही, त्याचं चित्र कसं काढू?"

पुढे त्या एका वर्गात ठसे छापायला शिकल्या. लिनोलियमच्या, त्यांच्या भाषेत लिनोच्या, रबरासारख्या तुकड्यावर चित्र कोरायचं, रोलरने शाई लावायची, वर कागद ठेवून लाकडी डावाच्या पाठीने घासायचं. छापताना घरातला एसी बंद, कारण त्या हवेत शाई रोलरवरच वाळते. तेही ऑगस्टमध्ये! लियाकतभाई तेवढा वेळ खालच्या चहाच्या दुकानात जाऊन बसत.

मग दोन्ही इमारती पाडायचं ठरलं आणि घरं रिकामी करा म्हणून सांगणं आलं. आम्ही सगळे नवीन घर शोधायला पळालो. भाभी मात्र लिनो घेऊन खिडकीत बसल्या. मागच्या गल्लीचं चित्र छापायचं आणि इथल्या प्रत्येक घराला एकेक प्रत द्यायची, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

"पेंटिंग केलं तर एकाच्याच घरी जाईल, वहिनी," त्या मला म्हणाल्या. "आपण तर सगळे वेगवेगळ्या ठिकाणी जाणार."

पहिला छाप निघाला तसा तो घेऊन त्या धावत माझ्याकडे आल्या. एसीचे डबे, डिश अँटेना, दोऱ्यांवरचे कपडे, सगळं जिथल्या तिथे. पण काहीतरी खटकत होतं.

"भाभी, माझी बाल्कनी पाइपच्या या बाजूला कशी आली?"

भाभींना चूक कळली. ठसा आरशातल्यासारखा उलटा उमटतो. आजवर छापले ते बांगडे, वांगी, किटल्या. बांगड्याचं तोंड डावीकडे गेलं काय नि उजवीकडे गेलं काय! गल्ली त्या पहिल्यांदाच छापत होत्या.

त्यांचा मुलगा ओवेस अबूधाबीला असतो. तो फोनवर म्हणाला, "अम्मी, नोबडी विल नोटिस. जस्ट प्रिंट इट."

"तू शाळेतून त्या कोपऱ्यावरून यायचास. या चित्रात तिथे भिंत आहे," भाभी म्हणाल्या. "खलास. परत करणार."

आम्ही शारजाला राहायला गेलो. राहिलेले पडदे काढायला एकदा परत आले, तर भाभी खिडकीत हातावर हात ठेवून बसलेल्या. नव्या लिनोवर पाइप, भिंती, एसी कोरून झाले होते. बाल्कन्या तशाच कोऱ्या. समोर बघितलं आणि कारण कळलं. घरं रिकामी झाली होती, दोरीवर एक फडकंसुद्धा नव्हतं.

"पहिला छाप बघून तसेच कपडे कोरा की," मी म्हटलं.

"ती नक्कल होईल, वहिनी. कपडा उन्हात कसा पडतो, ते बघायला लागतं."

"मग रिकाम्या बाल्कन्या काढा! आठवड्यात तुम्हालाही निघायचंय."

"रिकाम्या?" त्या चिडल्या. "असं कोण राहत होतं इथे?"

मला असा संताप आला! काय ही बाई, मोडेल पण वाकणार नाही! शारजापर्यंत बसमध्ये मी पुटपुटत होते. आणि सकाळी उठून कपाटातल्या धुतलेल्या चादरी पुन्हा मशीनमध्ये घातल्या.

"लोक कपडे बाहेर धुऊन घरी आणतात," आमचे प्रल्हादराव गाडी काढता काढता म्हणाले, "आणि ही शारजात धुऊन दुबईत वाळत घालणार!" पण ओल्या पिशव्या त्यांनीच वर नेल्या. घराची चावी अजून आमच्याकडे होती. त्या रिकाम्या खोल्यांत पाऊल टाकवेना. मी तडक बाल्कनीत गेले आणि एकेक चादर झटकून दोरीवर टाकली.

समोरची खिडकी उघडली. भाभींनी डोळे पुसले आणि कोरायचं हत्यार उचललं.

"ती निळी जरा खाली ओढा!" त्या ओरडल्या. मी ओढली आणि आत जायला वळले.

"वहिनी, हलू नका! चादरी आपोआप येत होत्या काय दोरीवर?"

मला रडू फुटलं. ऊन डोळ्यांत जात होतं, चिमटे हातात तसेच होते. चादरी कधीच खडखडीत वाळल्या. प्रल्हादराव दोनदा येऊन "यल्ला, चल" म्हणून गेले. भाभींचं शेवटचं कोरून होईपर्यंत मी माझ्या बाल्कनीतून हलले नाही.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी एसी बंद केला आणि छापायला घेतलं. शाई वाळली तशा प्रती घरोघरी गेल्या, कोणाकडे अजमानला, कोणाकडे थेट कोकणात खेडला. मी त्यात नखाएवढी आहे. गल्ली आता नाही, पण या सगळ्यांच्या भिंतींवर मी अजून चादरी वाळत घालते आहे.