तीन पिशव्या, दोन सरकारं आणि सापुतारा

"मी कशाला येऊ? मी घरीच बरी," हे वाक्य सासूबाईंनी दोन वर्षांत इतक्या वेळा म्हटलं की शेवटी मी वैतागून सापुताऱ्याची खोली बुक करून टाकली. त्यांना विचारलंच नाही. शनिवारी सकाळी औषधं, स्वेटर आणि डायलिसिसचं खोकं गाडीत ठेवलं आणि म्हटलं, "आई, चप्पल घाला, निघायचंय." नवरा कामासाठी पुण्याला होता, त्यामुळे मध्ये पडायलाही कोणी नव्हतं.

आईंचं डायलिसिस पोटातून होतं. पोटाला एक मऊ नळी आहे. दिवसातून तीनदा त्या नळीने दोन लिटरच्या पिशवीतलं औषधी पाणी पोटात सोडायचं आणि पुढच्या वेळी ते बाहेर काढून नवीन भरायचं. मशीन लागत नाही. स्वच्छ खोली, मास्क, धुतलेले हात आणि पिशवी टांगायला एक हूक एवढ्यावर भागतं, म्हणून घरात असा पेशंट असेल तर फिरायला जाता येतं, हे आधीच सांगून ठेवते. वापरलेलं पाणी संडासात ओतलं की हातात रिकाम्या पिशव्या आणि नळ्या उरतात. नाशकात आम्ही त्या वेगळ्या बांधून, वर खूण करून घंटागाडीत देतो. तिथल्या ताईंना आता ते पाठ झालंय.

नाशिकहून दिंडोरी, वणी, बोरगाव करत सापुतारा साधारण ऐंशी किलोमीटर आहे. दिंडोरीपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, वणीनंतर वर्दळ कमी होते आणि बोरगावच्या पुढे घाट आणि गुजरातची हद्द सुरू होते. थंडीत गेलात तर बोरगावच्या आसपास रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरी घेऊन बायका बसलेल्या असतात. घासाघीस करू नका, मुळातच स्वस्त आहे. तिथल्याच एका टपरीवर आम्ही नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी आणि उडदाची आमटी खाल्ली. शंभर रुपयांत दोघींचं पोट भरलं. आईंना मीठ जपून खावं लागतं, त्यामुळे ठेच्याकडे त्यांनी नुसतंच प्रेमाने पाहिलं.

साडेअकराला हॉटेलात पोहोचलो. खोली बावीसशेची, तळमजल्यावरची, खिडकीतून तळं दिसणारी. एकच्या सुमाराला पिशवी बदलायची होती, म्हणून मी आधीच मॅनेजरला विचारलं की वापरलेल्या पिशव्या कुठे ठेवायच्या. तिथेच माशी शिंकली.

"गीला कचरा हरे डिब्बे में, सूखा नीले में," त्याने भिंतीवरच्या सूचनेवर बोट ठेवलं. "ये तो हॉस्पिटल का कचरा है मॅडम. गाडीवाला नहीं उठाएगा, हमको दंड लगेगा."

म्हटलं ठीक आहे, डिकीत टाकून नाशकाला घेऊन जाऊ. पण आई जिल्हा परिषदेत आवक-जावक कारकून होत्या, पूर्ण नोकरी. नियम विचारल्याशिवाय त्या साधी काडी इकडची तिकडे करत नाहीत. "आधी फोन कर," म्हणाल्या. मी आपल्याकडच्या कचऱ्याच्या हेल्पलाइनला फोन लावला.

"पेशंट कुठे आहे मॅडम?"

"आत्ता सापुताऱ्याला."

"मग तिकडचं तिकडेच द्या. दुसऱ्या राज्यातला कचरा आपल्याला घेता येत नाही."

"अहो, पेशंट नाशिकचा, पिशवी नाशिकची!"

"पण कचरा तिकडे झाला ना?"

मी फोन ठेवला. नियम म्हणे दिल्लीहून एकच येतो, सगळ्या देशाला. पण त्याच पिशवीला एक सरकार घरचा कचरा म्हणतं, दुसरं हॉस्पिटलचा, आणि हद्द ओलांडली की दोघंही म्हणतात आमचा नाही.

माझं डोकं तापलं होतं. आईंनी मात्र डायलिसिसचं खोकं बंद करून टाकलं. पलंगावर बसून म्हणाल्या, "तू एवढं नको करूस. मी आजच्या दोन आणि उद्या सकाळची, अशा तिन्ही चुकवते. कचराच झाला नाही तर प्रश्नच मिटला. नाहीतर आत्ताच परत जाऊ."

मी घाबरले, अगदी खरं सांगते. मागे एकदा लागोपाठ दोन चुकल्या होत्या तेव्हा त्यांच्या पायांवर सूज चढली, धाप लागली आणि आम्ही दवाखान्यात पळालो होतो. आणि आत्ता परत फिरलो असतो तर ही बाई पुन्हा कधी उंबऱ्याबाहेर पडली नसती, हेही मला कळत होतं. मी ओरडले, "आई, तुम्ही पिशवी चुकवणार असाल तर मी जेवणार नाही!" पस्तिशी उलटलेल्या बाईने द्यायची धमकी नव्हे ही, पण त्या वेळी तीच सुचली. त्या हसल्या नाहीत. "चल, इथल्या सरकारी दवाखान्यात विचारू," एवढंच म्हणाल्या.

दवाखाना जवळच होता. ड्युटीवरच्या नर्सताई मूळच्या सुरगाण्याच्या, सासर इकडचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "आज्जी, घरच्या पेशंटचं घरच्याच कचऱ्यात जातं. आमच्याकडं फक्त वॉर्डाचं हाय. बाहेरचं नाय घेता येत."

आईंनी विचारलं, "लेखी द्याल?"

"आता त्यात लेखी काय द्यायचं?"

आईंनी पर्समधून कोरा कागद काढला. त्यांच्या पर्समध्ये कोरे कागद असतातच. बाकावर बसून त्यांनी ठसठशीत अक्षरात अर्ज लिहिला. मी खांद्यावरून वाचत होते. "प्रति, मा. वैद्यकीय अधिकारी. विषय : अर्जदाराच्या डायलिसिसच्या रिकाम्या पिशव्या (नग तीन) स्वीकारणेबाबत. संदर्भ : आपल्या कार्यालयाने आजरोजी दिलेला तोंडी नकार." खाली महाराष्ट्राने काय सांगितलं, हॉटेलने काय सांगितलं, आणि शेवटी, "तरी सदर पिशव्या कोठे द्याव्यात याचे मार्गदर्शन व्हावे." दोन प्रती केल्या. "एक तुम्हाला. दुसरीवर आवकचा शिक्का मारून द्या, पोच म्हणून."

नर्सताईंनी अर्ज वाचला. संदर्भाची ओळ पुन्हा वाचली. "आज्जी, ह्याच्यावर शिक्का मारला तर हे साहेबाकडं जाणार, साहेब तालुक्याला पाठवणार. तिथनं उत्तर येईस्तोवर तुम्ही कुठं आन् मी कुठं?"

"मी थांबेन," आई म्हणाल्या. "मला वेळच वेळ आहे."

नर्सताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अचानक खळखळून हसल्या. "आणा तुमच्या पिशव्या. वॉर्डाच्या लाल डब्यात टाकते. तीन पिशव्यांनी काय डबा फुटत नाय. तो कागद तेवढा माघारी न्या." आईंनी दोन्ही प्रती नीट घडी करून पर्समध्ये ठेवल्या. मला रडू आलं. दवाखान्याच्या पायरीवर उभी राहून मी भर दुपारी हुंदके देत होते आणि आई म्हणत होत्या, "अगं, पुरे आता, जेव जा."

पिशवी बदलायला तीन वाजले, म्हणजे दोनच तास उशीर झाला. त्यानंतरचा सापुतारा मला विचाराल तर जगातलं सगळ्यात सुंदर ठिकाण आहे, म्हणून माझ्या वर्णनावर फार विसंबू नका. तळ्यात बोटिंग केलं. सूर्यास्ताच्या पॉइंटला गर्दी होते, तासभर आधी जा. आईंनी मक्याचं कणीस घेतलं, मीठ न लावता, आणि सबंध खाल्लं. रात्री खोलीत पिशवी टांगायला हूक सापडेना, तेव्हा पडद्याचा दांडा कामी आला. तुम्ही मात्र एक एस आकाराचा हूक सोबत ठेवा. आणि निघण्याआधी जिथे जाताय तिथल्या दवाखान्यात फोन करून विचारा. विचारताना कागद-पेन जवळ असू द्या.

रविवारी सकाळची पिशवी बदलून तिन्हींचं गाठोडं नर्सताईंच्या हवाली केलं. त्यांनी आईंना चहा पाजला, अर्धा कपच, कारण पाणी मोजून प्यायचं असतं. दुपारी दोनला घरी पोहोचलो. हेल्पलाइनवाल्याचा राग उतरायला मला आणखी दोन दिवस लागले. तो बिचारा समोरचा कागद वाचत होता. पण तो कागद लिहिणाऱ्यांपैकी कोणाच्याही डोक्यात अशी बाई नसावी, जिच्या पोटाला नळी आहे आणि जिला तरीही तळं बघायचंय.

मंगळवारी मी पोहे परतत होते. आई बाहेरच्या खोलीत सिन्नरच्या मावशींशी, त्यांच्या धाकट्या बहिणीशी, फोनवर बोलत होत्या. आजारपण सुरू झाल्यापासून त्या मावशींकडे एकदाही गेल्या नव्हत्या, मावशीच यायच्या. तिकडून मावशी बहुधा येण्याचंच काहीतरी ठरवत होत्या, कारण आई त्यांना तोडत म्हणाल्या, "नको, या वेळी मीच येते, चांगली चार दिवस राहायला. तू फक्त एक कर. तुमच्याकडे डायलिसिसच्या पिशव्या कोण घेतं ते विचारून ठेव. नाही म्हणाले तर माझं नाव सांग, मी आल्यावर बघते."