नजर वर, म्हणजे न्हाई

“तिचं मी सांगते, तुमी लिवा.”

हे वाक्य सत्यभामा एकवीस वर्षं म्हणत आली. दवाखान्यात, दाखल्याच्या टेबलापाशी, लग्नकार्यात खोदून चौकशी करणाऱ्या पाहुण्यांसमोर. केजजवळच्या एका वस्तीवर ती शेळ्या राखते. तिची लेक सुकन्या जन्मापासून बोललेली नाही. हातपाय, मान, जीभ, काहीच तिचं ऐकत नाही. ऐकतात ते फक्त डोळे. त्या डोळ्यांचा अर्थ लावणारं जगात एकच माणूस होतं, आणि त्या माणसाला त्याचा थोडा ताठाही होता.

यंदा केजच्या एका मंगल कार्यालयात शिबिर भरलं. नजरेवर चालणारी यंत्रं आली होती. पडद्यावरच्या चौकटीकडे क्षणभर रोखून पाहिलं, की यंत्र तिच्यातला शब्द मोठ्यानं बोलतं. यंत्रं चार, घरं अकरा. ज्याला चालवता येईल, त्यानंच घरी न्यायचं.

बाप बिभीषणनं पोरीला दोन्ही हातांवर उचलून आणलं आणि खुर्चीत टेकवून बसवलं. पुण्याच्या प्रियदर्शनी मॅडमनी पडद्यावर दोन चौकटी ठेवल्या. वर ‘होय’, खाली ‘नाही’.

“सुकन्या, तू मुलगा आहेस का?”

नजर झटकन वर गेली. “होय,” यंत्र म्हणालं.

“तुझं नाव बबनराव आहे का?”

“होय.”

“मंग लगीन लावा बबनरावाचं, कार्यालय तर हायेच,” मागून एक जण म्हणाला. लोक हसले. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं.

“वाईट वाटून घेऊ नका. तिला प्रश्न कळत नसावेत. पुढच्या वर्षी पाहू.”

बिभीषण पोरीला उचलायला वाकला. “चल बाई, जीप निघंल.”

“थांबा वो,” सत्यभामा म्हणाली. “मॅडम, तिचं मी...”

“तुम्ही नाही सांगायचं. तिनंच सांगायचं.”

“तिचं न्हाई, माझं सांगते. मला इचारा, मी बाप्या हाय का.”

मॅडमनी गोंधळून विचारलं. सत्यभामानं हनुवटी वर झटकली, डोळे छताला लावले आणि जिभेनं ‘च्यक’ केलं.

“आता ह्यांना इचारा, जेवलात का.”

बिभीषण सकाळपासून उपाशी होता. त्याचीही हनुवटी वर गेली. च्यक.

“अन् त्या मागच्या हसणाऱ्याला इचारा, अक्कल हाय का. आमच्याकडं न्हाई म्हणताना वर बघत्यात, मॅडम. पोरीला हनुवटी उचलंना, डोळे तेवढे उचलती. तुमचं मशीन उलटं हाय. पोरगी न्हाई.”

मॅडमनी वरची चौकट खाली, खालची वर केली.

“तू मुलगा आहेस?” “नाही.”

“बबनराव?” “नाही.”

“सुकन्या?”

डोळे सावकाश खाली उतरले. “होय.”

आता कुणी हसलं नाही. मॅडमनी दुसरा पडदा लावला. चोवीस चौकटी, चोवीस चित्रं. “आता मनात येईल ते बोल.”

सत्यभामा लगेच लेकीच्या कानाशी वाकली. “पाणी म्हण गं. तहान लागली आसंल. पाणी...”

सुकन्याची नजर पाण्यावरून गेली, थांबली नाही. शेळीवरूनही गेली. एकवीस वर्षं दाराबाहेर उभं राहिलेलं कुणीतरी आता घरात जागा शोधत होतं.

“आई,” यंत्र बोललं.

सत्यभामाचा हात तोंडावर गेला.

“बाहेर.”

नजर पुन्हा चौकटींवरून फिरू लागली.

“मी.”

“सांगते.”

मॅडमनी कागदावरची ओळ खोडली आणि यंत्राची पेटी बिभीषणच्या पुढ्यात सरकवली. त्यानं ती लहान लेकरासारखी छातीशी धरली.

“आगं, पोरगी तुलाच बाहेर काढायली की,” तो म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांतलं पाणीही.

सत्यभामाच्या ओठांवर ते जुनं वाक्य आलं होतं. तिनं ते गिळलं. लेकीच्या कपाळावरचे केस मागं सारले, पदर खोचला आणि ताठ मानेनं, सगळ्यांच्या देखत, एक अक्षर न बोलता ती बाहेर चालत गेली.