बसा शेजारी, मग उघडू

आमच्या गल्लीतल्या कुंदाकाकू आलेलं पत्र कधीही एकट्याने उघडत नसत. कौन्सिलचं असो, दवाखान्याचं असो, नाहीतर पिझ्झाची जाहिरात असो, बंद पाकीट हातात धरून त्या इकडे परदेशात, आमच्या हेन्डरसनच्या घराचं फाटक ढकलत आणि म्हणत, "बसा शेजारी, मग उघडू." इंग्रजीची अडचण म्हणावी तर नाशिकच्या हायस्कुलात त्यांनी जन्मभर इंग्रजीच शिकवलं होतं. "अहो, माणूस एकटा दिसला की कागद चावतो," असं त्या अगदी गंभीरपणे सांगत. पिझ्झाच्या जाहिरातीशेजारीही मी इमानेइतबारे बसलेलो आहे.

कंपन्यांचं इंटरनेट सुरक्षित ठेवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. आणि माझ्याच घरात काय घडतंय, हे मला सगळ्यांत शेवटी कळलं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आमच्या चौदा वर्षांच्या रेवाने नऊवारी नेसून फुगडी घातली. मी कौतुकाने तो व्हिडिओ जगजाहीर केला. तिच्या वर्गातल्या कुणीतरी तो उचलला, फुगडीला वॉशिंग मशीनचा आवाज जोडला आणि शाळाभर फिरवला. खाली शेरे पडू लागले. रेवाच्या पोटात रोज सकाळी दुखायला लागलं.

मग मी मदतीला धावलो. त्या शेऱ्यांखाली 'प्रिय विद्यार्थ्यांनो' अशी सुरुवात करून मी एक समंजस परिच्छेद लिहिला, शेवटी नाव आणि हुद्दा. दुपारपर्यंत त्याचीही टवाळी करणारी चित्रं फिरायला लागली. रेवाने माझ्याशी बोलणं सोडलं आणि शाळेत जाणंही.

त्याच आठवड्यात काकू पाकीट घेऊन आल्या. पातळावर कार्डिगन, मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. रेवाला शाळेच्या वेळी सोफ्यावर फोन उराशी धरून बसलेली पाहिली आणि पाकीट बाजूला ठेवून तिच्याशेजारी टेकल्या.

"काय वाचतेयस?"

"नथिंग, काकू."

"एकटीच वाचतेयस ना? मग चावणारच. हाही कागदच की. वाच बघू मोठ्याने."

रेवाने एक शेरा वाचला. काकूंनी ऐकून मान हलवली. "कल्पना जुनी. दहापैकी दोन. पुढचा?" पुढच्यातला एक शब्द त्यांना माहीत नव्हता. रेवाने तो मोडक्या मराठीत समजावला. "अस्सं! तरी तीनच." वॉशिंग मशीनला मात्र त्यांनी पाच दिले. "आवाज बरोबर जुळवलाय मेल्यांनी." रेवा फिसकन हसली. कित्येक दिवसांत मी ते हसू ऐकलं नव्हतं.

मग एका शेऱ्याशी येऊन तिने फोनच काकूंपुढे धरला. 'तू नाहीशी झालीस तर कुणाला कळणारही नाही,' असं लिहिलं होतं.

काकूंनी तिचा हात धरला. "याला मार्क नाहीत. याला उत्तरही द्यायचं नाही. हा जपून ठेव, शाळेत दाखवायचाय." मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही आता काही लिहू नका हो!"

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे शाळेत गेलो. तिच्या इयत्तेची जबाबदारी बघणाऱ्या डीनबाई टेबलापलीकडे बसल्या होत्या. काकू इथल्या रिवाजाने नमस्काराचं "किया ओरा" म्हणाल्या आणि मग आपल्या मास्तरणीच्या इंग्रजीत म्हणाल्या, "ही तुम्हाला वाचून दाखवणार आहे. समोर नको, तिच्याशेजारी बसा." डीनबाई खुर्ची उचलून अलीकडे आल्या. रेवाने सगळं वाचलं. शेरे काढून टाकले गेले, लिहिणाऱ्यांच्या घरी फोन गेले. त्यांत एक मैत्रीणही निघाली, ती कायमची तुटली. पण सोमवारी रेवा बसमध्ये चढली. तेव्हापासून नको तो मेसेज आला की ती फोन घेऊन आमच्यापैकी कुणाच्या तरी शेजारी येऊन बसायची.  मी सरकून जागा करून द्यायचो.

पुढे काकू मुलाकडे, दूर पोरिरुआला राहायला गेल्या. गेल्या जुलैत त्या इस्पितळात होत्या. एका सकाळी त्यांच्या मुलाचा मेसेज आला. मी फोन हातात घेतला, तेवढ्यात रेवाचाच कॉल. ती आता कॉलेजात शिकते, जवळच अवोन्डेलला मैत्रिणींबरोबर राहते.

"बाबा, तुलाही आलाय ना? ओपन नको करू. मी पण नाही केलाय. आय ॲम कमिंग."

ती भिजत आली. जॅकेटही न काढता सोफ्यावर मला खेटून बसली, माझा हात धरला आणि म्हणाली,

"हं, बाबा. आता उघड."