मागच्या दाराने येणारी

शारजात, रोल्ला भागात, माझी मैत्रीण आणि मी समोरासमोर राहायचो. दोन्ही फ्लॅटची दारं दिवसभर उघडी. तिच्या डब्यातली साखर संपत आली की तिच्याआधी मला कळायचं. मग तिच्या नवऱ्याला इंग्लंडमध्ये नोकरी लागली आणि ती समुद्राकाठच्या एका लहान गावात जाऊन राहिली. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा आमच्या ह्यांनी एका वर्षी इंडियाची सुट्टी इंग्लंडकडे वळवली. ह्यांना लंडन बघायचं होतं. मला फक्त तिच्या तोंडून ऐकायचं होतं, की बाई गं, तुझ्यावाचून करमत नाही.

तिच्याकडे पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी उठले. पाहुणी म्हणून बसून खायला काही मी गेले नव्हते. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. हात आपोआप खिडक्यांकडे गेले. शारजातली बाई ऊन बघून दुसरं काय करणार? खिडक्या लावल्या, पडदे ओढले, घर छान काळोखं केलं आणि चहाचं आधण ठेवलं. साखर मात्र कुठे सापडेना.

तेवढ्यात मागचं दार उघडून एक गोरी म्हातारी कुत्र्यासकट थेट स्वयंपाकघरात आली. दार ठोठावणं वगैरे काही नाही. पडद्यांकडे बघून दचकली आणि म्हणाली, "हू डाइड?" त्यांच्याकडे म्हणे घरात कोणी गेलं की दिवसाउजेडी पडदे ओढतात. तिने ते भराभर सरकवले, वरचं कपाट उघडलं आणि साखरेचा डबा माझ्या हातात दिला.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ही कोण मला साखर दाखवणारी?

मैत्रीण खाली आली आणि पोट धरधरून हसली. "अगं, इथे सन दिसला की लोक कामं टाकून बाहेर पळतात, आणि तू ब्लॅकआऊट केलास! सोड ते, बस तू. तू कशाला करतेस?"

बसले. मला बशीसकट सोनेरी काठाचा कप आला. म्हातारीने सिंकजवळचा, टवका उडालेला मग स्वतःच उचलून घेतला. त्या मगाचासुद्धा मला हेवा वाटला. रोल्लात मांजर दिसलं तरी जिन्यात किंचाळणारी माझी मैत्रीण, आणि आता ते केसाळ कुत्रं तिच्या गाऊनवर डोकं ठेवून पडलं होतं.

दुपारी सगळे समुद्रावर गेलो. वाळू नाहीच, नुसते गोटे, आणि वारा असा की कान बधिर. आमची मुलगी दोन स्वेटर घालून कुरकुरत होती, "मम्मी, इट्स फ्रीझिंग. कॅन वी गो बॅक?" मैत्रीण म्हातारीला हात देऊन पुढे चालली होती. मी मागून धडपडत. शेवटी न राहवून मी मैत्रिणीला गाठलंच.

"काय गं, रोल्लाची आठवण येते की खलास?"

"येते ना! पहिल्या विंटरमध्ये तर रोज रडायचे," ती म्हणाली. "मग ही शेजारीण भेटली. आता काही वाटत नाही."

मला बरं वाटायला हवं होतं. परमुलखात तिला कोणी माणूस मिळालं होतं. पण खरं सांगते, तो पहिला विंटर तसाच चालू राहिला असता तर मला जास्त आवडलं असतं.

निघायच्या दिवशी टॅक्सी यायच्या आधी तिने मला पाटावर बसवलं. पाट नव्हताच, उशी घातली होती. नारळ, तांदूळ, खण, सगळं तिने कुठून कुठून जमवलं होतं. रोल्लात मी दरवर्षी सुट्टीला निघायचे, तेव्हा ही नुसती दारातून ओरडायची, "मसाला विसरलीस तर परत येऊ नकोस!" आता तिने मला हळदकुंकू लावलं, ओटी भरली. म्हातारी कौतुकाने बघत होती. "हाउ लव्हली," असं दोनदा म्हणाली.

आत कुकरची शिट्टी झाली. मैत्रिणीने मागे वळूनही न बघता म्हातारीला इंग्रजीत सांगितलं, "गॅस बंद कर जा." प्लीज नाही, काही नाही. म्हातारी मुकाट्याने उठून गेली. रोल्लात ती मला असंच कामाला लावायची.