कोमट पाण्यात हंडा उतरला

"जीबीएस," डॉक्टर म्हणाले आणि मी त्यांच्या खिशातल्या पेनाकडे बघत राहिले. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्याचा रिपोर्ट त्यांच्या हातात होता. आधी तळपायांना मुंग्या आल्या, मग सुप्याच्या कारखान्यात पॅकिंगच्या टेबलाशी उभी असताना गुडघे ढिले पडले. मला वाटलं अशक्तपणा. नवरा म्हणाला, वेळेवर जेवत नाहीस. आम्ही दोघंही मोठे तज्ज्ञ.

जीबीएस म्हणजे गुइलेन बॅरे सिंड्रोम. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उठते आणि अंग पायांकडून वर लुळं पडत जातं. श्वासापर्यंत पोचलं तर व्हेंटिलेटर.

आयसीयूत डॉक्टर दर राउंडला एकच सांगायचे, "उशीवरून मान उचलून दाखवा." मानेची ताकद गेली तर श्वासाचे स्नायूही थकत चाललेत असं समजतात. एवढं कळल्यावर मी मान सोडलीच नाही. पाय गेले, हात गेले, मी मात्र झोपेतही मान ताठ धरून. कोणी बघत नसलं तरी माझी परीक्षा चालूच.

इंजेक्शनांनी आजार थांबला, व्हेंटिलेटर टळला. पुढे वॉकर धरून चालूही लागले. पण मान आणि खांदे लाकडासारखे झाले होते. हात छातीच्या वर जाईनात. माझी वेणी घालायला आई गावाहून येऊन राहिली. या वयात आईपुढे वेणीसाठी बसताना मला रडावंसं वाटायचं, आणि ते दुखण्यामुळे नसायचं.

मान सैल होत नाही तोवर हात वर जाणार नाहीत, असं सांगून डॉक्टरांनी नगरमधल्या एका फिजिओथेरपी केंद्रात पाठवलं. तिथं अ‍ॅक्वाटिक थेरपी देतात. म्हणजे कोमट पाण्यात पेशंटला तरंगत ठेवून स्नायू सैल करायचे.

टाकी पाहिली आणि मी काठावरच बसून राहिले. आम्ही पारनेरकडच्या कोरड्या गावातली माणसं. तळ दिसेल इतक्या नितळ पाण्यात पाय घातला असता तर पाठीत धपाटा मिळाला असता. "एवढ्या पाण्याचं नंतर काय करता?" मी विचारलं. फिजिओच्या मॅडम हसल्या. पाणी गाळून पुन्हा वापरतात, हे कळल्यावर मगच मी उतरले.

बाळाच्या अंघोळीला काढतात तसलं पाणी. गुडघ्यांखाली फोमच्या नळ्या, मानेखाली मॅडमचा हात. कान पाण्यात बुडाले आणि जग लांब गेलं. फक्त माझा श्वास ऐकू येत होता. मॅडम मला हळूहळू एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेत होत्या. छतावर पाण्याचा उजेड हलत होता. पाय कुठे संपतात आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळेना, आणि कळून घ्यावंसंही वाटेना.

"आता मान सोडा," मॅडम माझ्यावर वाकून मोठ्यानं म्हणाल्या.

सोडलीय की, मी म्हटलं. त्यांनी हात जरा खाली घेतला. डोकं होतं तिथंच, ताठ. पुढच्या खेपांनाही तेच.

एकदा आई बरोबर आली. काठावर बसून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "डोक्यावर हंडा असल्यावानी धरलीया मान."

खरंच होतं. लहानपणी मी लांबच्या विहिरीवरून हंडा आणायचे. भरलेला हंडा एकटीनं उतरवता येत नाही. दारात आई दोन्ही हात वर करायची, हंडा तिच्या हातात गेला की मगच मी मान सोडायचे. आधी सोडली तर सगळं पाणी अंगणात.

मॅडमनी आईला पायरीवर बोलावलं. आईनं लुगडं खोचलं, पाण्यात दोन पायऱ्या उतरली आणि माझ्या डोक्याखाली दोन्ही तळवे धरले. तिचं ऐकायला मी कान पाण्यावर घेतले.

"सोड आता," ती म्हणाली. "म्या हाय."

दारात म्हणायची तेच, त्याच आवाजात. मान सुटली. डोकं तिच्या हातात जड झालं. कान पाण्याखाली गेले, छतावरचा उजेड हलत राहिला, आणि आयसीयूपासून धरून ठेवलेलं रडू कोमट पाण्यात निघून गेलं. मला फार बरं वाटलं.

तुमच्यापैकी कोणी आज पलंगावर असेल तर सांगते, हे पाणी म्हणजे जादू नाही. श्वासाचा त्रास, ताप, उघडी जखम असेल तर उतरू नका. आधी डॉक्टरांना विचारा. नसा फार सावकाश बऱ्या होतात. माझे तळपाय अजून थोडे बधिर आहेत. पण जो हात तुमच्या डोक्याखाली आहे, त्यावर एकदा भार टाकून बघा.

परवा माहेरी गेले. आई नळावरून कळशी डोक्यावर घेऊन आली आणि सवयीनं दारात थांबली. मी उंबऱ्यात उभी होते. दोन्ही हात वर केले. ते गेले, थेट कळशीपर्यंत. आईनं आधी माझ्या हातांकडे पाहिलं, पण मान सोडेना.

"सोड आता," मी म्हटलं. "मी आहे."

तिनं सोडली.