मुलींची दहाची सुट्टी

ज्याला लिहिता येतं त्याला विसरायची सोय असते. कागदावर टाकलं की डोकं मोकळं! मला अक्षर येत नाही, त्यामुळे सगळं डोक्यातच साठत गेलं, गोधडीवर गोधडी रचावी तसं. एक ओढायला जावं तर चार अंगावर येतात. त्यात भिंगारला आमच्या घरात शाळा भरायची, त्या दिवसांचं तर लईच साठलंय.

बांगलादेशाची लढाई संपून वर्ष झालं असेल. माझ्या लेकीचे, मुमताजचे अब्बा छावणीतल्या लोकांच्या वर्द्या शिवायचे. मशिदीतली खोली पोरांना पुरेना, म्हणून आमची पुढची पडवी शाळेला दिली. सकाळी कुराण आणि दीनियात, म्हणजे धर्माचे धडे, मशिदीतले हाफिजजी शिकवणार, पुढे मराठी, गणित, भूगोल, शास्त्र कदम मास्तर. मास्तर शेवगावच्या शाळेतून रिटायर होऊन भिंगारला लेकाकडे राहायला आलेले. दीनचं आणि दुनियेचं शिक्षण एकाच छपराखाली, असं मशिदीच्या कमिटीनं ठरवलं. कसं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

पडवी आणि माझं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक पडदा. मी पलीकडे. त्यामुळे मला सगळं ठाऊक!

*

टाइमटेबल ठरलं ते कपडे बेतायच्या टेबलावर, शिंप्याच्या खडूनं, उरलेल्या खाकी कापडावर. हाफिजजी उजवीकडून लिहीत आले, मास्तर डावीकडून. मधे एकच चौकोन उरला आणि त्यावर दोघांचे खडू एकदम टेकले. हाफिजजी म्हणाले दीनियात, मास्तर म्हणाले भूगोल. गुळाचा चहा दोनदा झाला तरी कुणी खडू उचलेना.

शेवटी मुमताजचे अब्बा मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "कापड तेवढंच आहे. दोघांनी शिवणीला अर्धा अर्धा इंच सोडा."

ते मिटलं. मग हाफिजजींनी सकाळच्या तासाखाली एक आडवी रेघ ओढली. मुलींना दहाला सुट्टी. कुराण झालं की घरी. कमिटीचे सदरसाहेब, म्हणजे अध्यक्ष, ते लाकडाच्या वखारीचे मालक, त्यांनी मान हलवली. मास्तर म्हणाले, मुलींनाही गणित लागतं. सदरसाहेब म्हणाले, हळूहळू बघू. मास्तरांचा चहा निवून गेला.

माझी मुमताज तेव्हा नऊ वर्षांची. पडद्याआड माझ्याजवळ बसून कणीक मळत होती. तिनं विचारलं, "अम्मी, भूगोल म्हणजे काय?"

"दहानंतर असतं ते," मी म्हणाले. मला तरी दुसरं काय माहीत होतं?

*

दुपारच्या नमाजचं एक रोजचं भांडण. मास्तर घड्याळ बघून सुट्टीची घंटा देणार, हाफिजजी अंगणात रोवलेल्या काठीची सावली बघून पोरांना उठवणार. थंडीत जुळलेलं उन्हाळ्यात जुळेना. मास्तर म्हणायचे, घंटेला शिस्त पाहिजे. हाफिजजी म्हणायचे, सूर्याला घंटा ऐकू येत नाही.

एक दिवस मास्तर सगळी पोरं घेऊन त्या काठीपाशीच गेले. सावलीच्या टोकाला खडे ठेवायला लावले, थोड्या थोड्या वेळानं एकेक. मग पृथ्वी कशी फिरते, सावली कधी आखूड, कधी लांब, सगळं सांगितलं. हाफिजजी वजू करून आलेले, ओल्या हातांनी तसेच उभे राहून ऐकत होते.

तास संपल्यावर म्हणाले, "म्हणजे मास्तर, मी इतकी वर्षं सायन्स शिकवत होतो आणि मला कुणी सांगितलं नाही!"

*

आमच्या मुमताजची दहाची सुट्टी म्हणजे पडद्याच्या अलीकडून पलीकडे. बाकीच्या पोरी आपापल्या घरी जायच्या, ही माझ्याजवळ भाजी निवडत बसायची. कान मात्र पडवीत.

एकदा मास्तरांनी विचारलं, सतरा आठे किती. पोरं छताकडे बघायला लागली. पडद्याआडून आवाज आला, "एकशे छत्तीस."

"शाबास. कोण बोललं?" मास्तरांनी विचारलं.

"पडदा," पोरं म्हणाली.

त्या दिवशी हाफिजजी मला म्हणाले, "भाभी, पडदा फार पातळ झालाय." मी वर्दीच्या जाड कापडाचा दुपदरी शिवून लावला. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मुद्दाम सतरा नव्वे विचारलं. "एकशे त्रेपन्न!" पडदा जाड म्हणून पोरगी मोठ्यानं बोलली, इतकंच.

*

मास्तर काय शिकवतात याचा हाफिजजींना संशय, आणि हाफिजजींच्या छडीचा मास्तरांना राग. दोघांच्या तक्रारी ऐकून सदरसाहेब कंटाळले. त्यांनी फर्मान काढलं: दोघांनी एकमेकांच्या तासाला मागे बसायचं, आणि सहामाही परीक्षाही पोरांबरोबर द्यायची.

मास्तर खरंच अलिफ-बे शिकायला बसले, धोतराचा सोगा सावरून. तिसऱ्या दिवशी म्हणताना चुकले, आणि हाफिजजींची छडी सवयीनं वर गेली. हाफिजजींनी छडी खाली ठेवली. "माफ करा मास्तर."

मास्तर म्हणाले, "नाही, चुकलं होतंच."

त्यानंतर ती छडी मी घेतली. वाळवणावरच्या कोंबड्या हाकायला फार छान होती.

*

तासाला बसूनही हाफिजजींचं घोडं मात्र भागाकारावर अडलं. अख्खं कुराण पाठ असलेला माणूस, पोरांच्या देखत नापास व्हायची वेळ आली. मास्तरांना विचारायला मन धजेना. मग पोरं गेल्यावर ते पडद्याशी येऊन खाकरायला लागले.

"बेटी मुमताज, आज ते मास्तर काय म्हणाले?"

ही इकडून सांगायची, ते तिकडे पाटीवर मांडायचे. आठ-दहा दिवस चाललं. मग दोन आकड्यांनी भागायचं आलं, आणि मुमताजचीच गाडी थांबली. बाकी कुठं लिहायची, वरचा आकडा खाली कसा घ्यायचा, तिला सांगता येईना.

"तोंडचं सगळं येतं मला," ती म्हणाली. "हे मास्तर फळ्यावर करतात. हाफिजजी, फळा ऐकू येत नाही."

पलीकडे पाटी उचलल्याचा आवाज आला. मग चपला वाजल्या. जाताना सलाम करायचंही विसरले. मी मुमताजला रागावले, मोठ्या माणसांशी असं बोलतात का! रात्री ती जेवली नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजले. पोरी उठायला लागल्या, तर हाफिजजी म्हणाले, बसा. मास्तर आले, त्यांनी पोरींकडे बघितलं, हाफिजजींकडे बघितलं, आणि फळा पुसला. मुमताज भिंतीकडच्या पट्टीवर सगळ्यांत पुढे. पलीकडे मी एकटी.

जुम्म्याला नमाजनंतर सदरसाहेब आले. खाकी कापडावरची रेघ पुसून पाचच्या खाली ओढलेली त्यांना दिसली. त्यांनी विचारलं, मुलींची सुट्टी दहाची पाचला कशी गेली, कमिटीला न विचारता, आणि कुठल्या किताबाच्या आधारानं? मी स्टोव्ह बंद केला, म्हणजे नीट ऐकू यावं. मास्तर जमिनीकडे बघत होते. किताबाचा दाखला दिल्याशिवाय हाफिजजी कधी साधं हो-नाही म्हणायचे नाहीत.

त्यांनी मांडीखालची अर्धवट भागाकाराची पाटी काढली आणि टेबलावर ठेवली.

"सदरसाहेब," ते म्हणाले, "माझा गृहपाठ राहिलाय."